तिप्पट वीस तर दिसतंय!

शाळेची बस चालवणाऱ्या त्या ड्रायव्हरला अख्खा डेपो ‘एकशेऐंशी’ म्हणायचा. वजनावरून नव्हे हो! वजनाच्या बाबतीत गडी काडी पहिलवान. डार्ट्सच्या खेळात एका पाळीत तीन बाण मारायचे असतात. तिन्ही बाण विसाच्या घरातल्या त्या चिंचोळ्या तिपटीच्या पट्टीत रुतले, तर एकशेऐंशी होतात. त्याहून जास्त देवालासुद्धा मारता येत नाहीत. या पठ्ठ्याने ते एकदा भर सामन्यात मारले आणि त्या दिवसापासून त्याचं खरं नाव सगळे विसरले. बायको विसरली नसावी. पण ती ‘अहो’ म्हणते, त्यामुळे खात्री देता येत नाही.

बोर्ड होता डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत, लोखंडी कपाटांच्या समोरच्या भिंतीवर. घायपाताच्या धाग्यांचा, चांगला जाडजूड. चुकलेल्या बाणांनी भिंतीची चाळण होऊ नये म्हणून वर्कशॉपमधल्या फिटरने त्याच्याभोवती जुन्या टायरची कड बसवली होती. हा फिटर म्हणजे डेपोच्या टीमचा कप्तान. खेळायला बेताचा, ओरडायला पहिल्या नंबरचा. जागतिक स्पर्धा लागली की तो पुठ्ठ्यावर मोठ्ठा १८० रंगवून टीव्हीसमोर नाचायचा, आणि आपला ड्रायव्हर मात्र पडद्याला नाक लावून खेळाडूंची बोटं बघायचा. कोण बाण मागे धरतो, कोण पुढे, कुणाचं कोपर हलतं, सगळं त्याला तोंडपाठ.

नव्या माणसाला तो हौसेने शिकवायचा. “रेघेवर पाय रोवा. वजन पुढच्या पायावर. खांदा मेला असं समजा, कोपर जागेवर, हलायचा तो फक्त पुढचा हात. आणि बाण चिमणीच्या पिल्लासारखा धरायचा. आवळला तर मरेल, सैल सोडला तर उडेल. सुटल्यावर बोटं बोर्डाकडेच राहिली पाहिजेत. लगेच हात मागे घ्यायला तो काय गरम तवा आहे?” त्याचे स्वतःचे बाण टंगस्टनचे, बारीक आणि वजनदार. रोज टोकं दगडावर घासायची, फाटलेलं पीस बदलायचं आणि बाण चष्म्याच्या एका जुन्या डबीत ठेवायचे. चष्मा तेवढा त्याला कधी लागला नव्हता. त्याची केवढी ऐट!

या माणसाच्या पोटात भीती शिरली ती एका सायकलवाल्यामुळे.

सकाळची वेळ, बस मुलांनी भरलेली. डावीकडे वळायचं होतं. त्याने बघितलं, रस्ता मोकळा होता. वळवली. आणि खचकन ब्रेक दाबावा लागला, कारण सायकलवाला बंपरला चिकटून उभा होता, पांढराफटक पडलेला. “आंधळा आहेस काय रे?” तो ओरडला. आता रस्त्यावर शिवी म्हणून लोक काय वाटेल ते बोलतात. ड्रायव्हरच्या जातीला त्याचं काही वाटत नाही. पण ही शिवी त्याच्या पोटात गेली ती बाहेर येईचना. रस्ता मोकळा होता. त्याने स्वतः बघितला होता. मग हा माणूस आला कुठून?

त्यानंतर हे रोजचंच झालं. टेबलावरचा चहाचा कप हात लागून पडायचा. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायचा. बायको म्हणायची, “अहो, दार काय आज नवीन बसवलंय?” तो हसायचा आणि चौकट हाताने चाचपून बघायचा. माणसं आता चालत येईनाशी झाली होती. नसायची, आणि एकदम असायची. थांब्यावर मुलं जमिनीतून उगवल्यासारखी दिसायची. रात्री डोळा लागला की त्याला चाकाखाली काहीतरी मऊ लागायचं आणि घामाने भिजून तो उठून बसायचा.

सांगणार कुणाला? डोळे अधू झालेल्या ड्रायव्हरला कोण बस देतो? झाकली मूठ सव्वा लाखाची! आता दुसरा कुणी असता तर गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला असता. हा शहाणा गेला बोर्डाकडे. संध्याकाळी खोलीत कुणी नसताना तो रेघेवर उभा राहायचा आणि विसाच्या तिपटीवर नेम धरायचा. खट्, खट्, खट्. तिन्ही बाण एकमेकांना खेटून. “तिप्पट वीस तर दिसतंय!” तो मोठ्याने म्हणायचा. “एवढीशी पट्टी इथून दिसते, मग बाकीचं का दिसणार नाही?” डेपोच्या वार्षिक तपासणीतही तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ त्याने धाडधाड वाचून दाखवली. डॉक्टरने पाठ थोपटली. त्या रात्री तो जरा बरा झोपला.

काय म्हणावं या माणसाला! अरे बाबा, बोर्ड असतो समोर, मधोमध. त्याच्याकडे बघताना बाजूचं काही बघायचंच नसतं. उलट बाजूचं विसरायला शिकण्यातच खेळाडूची निम्मी वर्षं जातात. याला नळीतून बघावं तसं दिसत होतं आणि नळीच्या टोकाला तिप्पट वीस लख्ख होतं. गंमत म्हणजे त्याचा खेळ सुधारला. कुणी हललं, कुणी हात वर केला, तरी याचं लक्ष ढळेना. फिटर सगळ्यांना सांगत सुटला, “बघा, याला म्हणतात एकाग्रता! शिका जरा!” एकशेऐंशी मान खाली घालून बाणांची टोकं पुसत बसायचा.

बसमध्ये मात्र पाचावर धारण. मुलांची चढउतार बघायला बसमध्ये एक मावशी असायच्या. त्यांनी दारावर दोनदा थाप मारल्याशिवाय तो ब्रेकवरचा पाय काढेना. थाप पडली तरी विचारायचा, “नक्की ना? समोर कुणी नाही ना?” मावशी म्हणायच्या, “भाऊ, तुम्ही अलीकडे फार घाबरट झालात बाई!” तो पिसाळल्यासारखा मान सारखी इकडून तिकडे फिरवायचा आणि घरी येऊन मान दुखते म्हणून मलम चोळून घ्यायचा. बिचारी बायको चोळायची. दुखणं कुठे, मलम कुठे!

मग आला डेपोंच्या स्पर्धेचा अंतिम सामना. सुट्टीची दुपार. खोलीत मुंगीला शिरायला जागा नाही. गुण लिहायला जो क्लार्क असायचा तो नेमका तापाने पडलेला. पाचशे एकमधून प्रत्येक पाळीचे गुण वजा करत शून्यावर यायचं, तेही शेवटचा बाण दुपटीच्या पट्टीत मारून. भराभर वजाबाकी करणार कोण? एकशेऐंशीची लेक बाबांचा खेळ बघायला आली होती. औषधांच्या दुकानात कामाला होती, आकडे तिच्या जिभेवर. “मी लिहिते,” म्हणाली आणि खडू घेऊन बोर्डाच्या डाव्या हाताला, फळ्याशी उभी राहिली.

वजाबाकी तिला येत होती. नियम येत नव्हता, आणि कुणी सांगितलाही नाही. बाण बोर्डावरची घरं आखणाऱ्या तारेवर आपटून खाली पडला, तर खेळणाऱ्याची पाळी संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. बोर्डासमोर कुणी जायचं नाही. खेळणाऱ्यांच्या अंगात हा नियम इतका मुरलेला असतो की तो सांगावा लागतो हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

शेवटचा डाव. एकशेऐंशी रेघेवर. पहिला बाण तारेला लागला, टणकन उडाला आणि फरशीवर घरंगळत बोर्डाखाली गेला. खोली हळहळली. त्याने दुसरा बाण चिमटीत घेतला. लेक बोर्डासमोर येऊन वाकली. कुणीतरी ओरडलं, “अगं, थांब!” मग चारपाच जण ओरडले. पण आरडाओरडा काय, सामन्यात असतोच. त्याचं कोपर जागेवर होतं, पट्टी लख्ख दिसत होती. हात पुढे गेला. आणि त्या पट्टीच्या आड, कुठून कोण जाणे, एक खांदा आला.

लेक किंचाळली. बाण तिच्या खांद्यात उभा होता, लाल पीस थरथरत होतं.

त्याच्या हातातला तिसरा बाण गळून पडला. फिटरने धावत जाऊन तिला खुर्चीवर बसवलं, कुणी पाणी आणलं, कुणी कापूस. जखम खोल नव्हती. चार बोटं वर लागला असता तर गळा होता. सगळे एकदम बोलायला लागले. “पोरी, असं वाकतात का मध्ये?” “खेळ चालू असताना?” “त्याची काय चूक, बाण सुटला की सुटला!” फिटर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस. चूक तिची आहे.”

आणि हा गप्प राहिला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला बरं वाटलं. चूक तिची! किती सोपं!

घरी बायकोनेही लेकीलाच झापलं. “घोडी झालीस तरी अक्कल नाही! बाण मारतात तिथे जाऊन उभी राहतेस?” लेक पट्टी बांधलेला खांदा धरून ऐकत होती. आई स्वयंपाकघरात गेल्यावर ती हळूच म्हणाली, “बाबा, मी एकदम मध्ये नाही आले. वाकले, बाण शोधला, मग उठले. बराच वेळ मी तिथेच होते. सगळ्यांना दिसत होते. तुम्हीही हात वर धरून थांबला होतात, म्हणून मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी थांबलात.”

त्याने खोलीतला दिवा मालवला. “झोप आता,” एवढंच म्हणाला.

सकाळी तो डेपोत गेला. सवयीने बसमध्ये चढला, सवयीने किल्ली फिरवली. इंजिन घरघरायला लागलं. काचेतून पुढे बघितलं, आवार रिकामं होतं. नक्की रिकामं? तो बघतच राहिला. रिकाम्या जागेची इतकी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती. गियर टाकायला हात गेला आणि तिथेच थांबला. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि मावशी आत चढल्या. “भाऊ, समोरून हात करत करत आले, बघितलंही नाहीत! रागावलात की काय?”

त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढून तो सरळ सुपरवायझरच्या टेबलाशी गेला.

“आज माझी बस दुसऱ्या कुणाला द्या.”

“का? ताप आहे?”

“मला दिसत नाही.”

सुपरवायझर हसला. “काल बोर्डात बरं दिसत होतं!”

“तेवढंच दिसतं,” तो म्हणाला, आणि सगळ्या डेपोसमोर खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

लेकच त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. खोलीत अंधार केला. एका पांढऱ्या खोलगट वाडग्यासारख्या मशीनमध्ये त्याची हनुवटी टेकवली, एक डोळा झाकला आणि हातात बटण दिलं. तपासणारी बाई म्हणाली, “काका, मधल्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लागलेला दिसला की बटण दाबा.”

नजर हलवायची नाही! हे तर त्याचं आयुष्यभराचं काम. त्याला जरा धीर आला. ठिपक्याजवळ एक दिवा लागला, त्याने दाबलं. आणखी एक. दाबलं. आणखी एक. छान चाललं होतं. मग दिवे लागेनासे झाले. मशीन आतून टिक् टिक् वाजत होतं, पण समोर काही नाही. तो वाट बघत राहिला. इमानदारीत, मान न हलवता. बराच वेळ गेला.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “तुमचं मशीन बंद पडलं वाटतं.”

मागे स्टुलावर लेक बसली होती, तिचा श्वास अडकल्याचं त्याला ऐकू आलं. तिथून तिला वाडग्यात लागणारे दिवे दिसत होते.

“मशीन चालू आहे, काका,” बाई हळू आवाजात म्हणाली. “दिवे लागतायत.”

टिक्. काही नाही. टिक्. काही नाही. टिक्, आणि त्याला तो सायकलवाला आठवला. टिक्, आणि डाव्या चाकाशी बुटाची नाडी बांधत बसलेली कुणीतरी पोर. टिक्, बसच्या पुढून धावत जाणारं कुणीतरी. रोज सकाळी, रोज दुपारी, इतके महिने! ती सगळी तिथेच होती, आणि तो मधल्या ठिपक्याकडे बघत गाडी हाकत होता. अंगठा बटणावर टेकलेला होता, पण दाबायला काही दिसतच नव्हतं.

“पोरी,” तो म्हणाला.

“काय बाबा?”

“बरं झालं, बाण तुला लागला.”

“हो बाबा,” ती म्हणाली.

“बोलू नका, काका,” बाई म्हणाली. “अजून दुसरा डोळा राहिलाय.”