आमच्या घरात ढेकूण नाहीत!

आमच्या घरात ढेकूण झालेत, ही अफवा अख्ख्या चोपडा गावात मी स्वतः छापून वाटली. (ढेकूण एकही नव्हता!)

मधल्या खोलीत आजोबांच्या फोटोमागे चिमणीचं घरटं होतं. पिल्लं उडून गेली तशी आई झाडू घेऊन आली. मी आडवा!

"कोणाचं घर पाडायचा अधिकार तुला कोणी दिला?"

"अरे, रिकामं आहे ते. नुसती घाण!"

"झोपडपट्टी पाडणारेही हेच म्हणतात!"

आईने झाडू ठेवला. (माझ्या भाषणापुढे हरणारी जगात ती एकटीच.)

चौथ्या दिवशी आमच्याकडे पापड होते. आमच्या गल्लीत पापड एकटीने कोणी लाटत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. आठ बायका पोळपाट घेऊन नेमक्या त्या फोटोखाली बसल्या. अर्ध्या तासात लाटणी थांबली आणि खाजवणं सुरू झालं!

"माय वो, काय चावी ऱ्हायनं हाई?" शेजारच्या सुमनअक्का ओरडल्या. "तुना घरमा ढेकूण शेतस का वं?"

आईचा चेहरा पडला. दिवसातून दोनदा फरशी पुसणारी बाई ती! मी फोटो उचलला. खसखशीएवढे तांबूस किडे भिंतीवरून खाली निघाले होते.

"ढेकूण नाहीत, अक्का! हे माइट्स! चिमण्यांचं रक्त पितात. पिल्लं उडाली, हे उपाशी पडले, म्हणून तुमच्याकडे आले!"

खुलासा ऐकताच आठही जणी उठल्या.

"मतलब, आज का खाना हम थे?" नूरचाची जाता जाता म्हणाल्या.

तिथेच थांबायला हवं होतं. पण आईची बदनामी मी सहन करणार? घरटं काढलं, भिंत धुतली आणि संध्याकाळी शंभर घरांत पत्रक टाकलं: 'आमच्या घरात ढेकूण नाहीत!' दुपारी आठ जणींना संशय होता, आता गावाची खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी सुमनअक्कांकडे पापड. आई पोळपाट घेऊन दारात उभी राहिली. शेजारून लाटण्यांचा आवाज येत होता, बोलावणं आलं नाही. ती आत आली आणि ओल्या फडक्यातलं कालचं पीठ एकटीने लाटायला बसली.

मी लाजून शेजारी बसलो. माझा पहिला पापड तिने उजेडात धरून पाहिला.

"राहू दे. तू नुसता गप्प बस. तेवढी मदत पुरे."

आजवरच्या माझ्या सगळ्या मोहिमांत एवढी रास्त मागणी कोणी केली नव्हती. ती मान्य करायलाच मी एक दिवस उशीर केला!