डी कमी, साखर काठावर

पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये मी द्राक्षांची प्रत तपासते. हंगामात नाशिकहून बस निघते तेव्हा अंधार असतो, परत येते तेव्हाही अंधारच. मधला सगळा दिवस थंड हवेत, ट्यूबलाइटखाली. खिडकी एकही नाही.

गेल्या हंगामात जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या, म्हणून रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "डी व्हिटॅमिन फारच कमी आहे. साखरही काठावर आलीये. घरात कोणाला मधुमेह?"

"आईला होता. पाय कापावा लागला तिचा."

"डी कमी म्हणूनच साखर वाढली, असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही बऱ्याचदा बरोबर दिसतात. आठवड्याला डीची एक पुडी घ्या. कॅल्शियमसाठी दूध, दही, नागली म्हणजे नाचणी खा. चाला. आणि दुपारी थोडा वेळ उन्हात बसा."

दुपारचं ऊन! मी पॅकहाउसच्या साहेबांना विचारलं.

"मॅडम, बाहेर गेलात की परत टोपी, कोट, हात धुणं. अर्ध्या तासाच्या सुट्टीत कसं जमायचं? आणि तुम्हाला सोडलं की सगळ्याच मागतील."

तो नियम सगळ्या पाळतात की नाही, हे बघणं माझंच काम.

माझ्या टेबलावर पेठ तालुक्यातली एक बाई घड साफ करायची. ती जेवताना मला नागलीची भाकरी द्यायची. "गावाला ऊन नको व्हायचं ताई," ती म्हणाली. "इथं मागून भी मिळत नाय."

एका दुपारी मला राहवेना. आणीबाणीच्या दाराचा दांडा मी ढकलला. भोंगा वाजला. तोंडावर ऊन आलं, पण डोळे मिटायचा धीर होईना. मागे सगळ्या बायका हात थांबवून बघत होत्या. दारातून धूळ, किडे आले असतील म्हणून टेबलांवरचा माल पुन्हा तपासावा लागला, बस उशिरा सुटली. तरी बायकांनी बसमध्ये मला नेहमीसारखी जागा धरून ठेवली. तेच जास्त लागलं.

हंगामानंतर पुन्हा रक्त तपासलं. पुड्यांनी डी वाढलं होतं. साखर होती तिथेच.

क्रेट उतरवतात त्या अंगणात बदली द्या, असा अर्ज मी केलाय. साहेबांनी तो ठेवून घेतला. पुढच्या महिन्यात नव्या हंगामाचा माल सुरू होईल. अजून उत्तर नाही.