सगळ्यात गार कोपरा

गल्लीच्या तोंडाशी कपड्यांना इस्त्री करून देणारी एक बाई राहायची. तिला सगळे हवालदारीण म्हणत. तिच्या सात पिढ्यांत कोणी पोलिसात नव्हतं. हिचा पहारा होता तो घरातल्या फ्रिजवर.

इस्त्रीच्या कमाईतून घेतलेली तेवढी एकच मोठी वस्तू. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेला, मागच्या जाळीवर धुळीचा कण नाही, दाराच्या रबरावरून कोमट पाण्याचं फडकं फिरलेलं. भाताची वाफ गेल्याशिवाय भांडं आत जायचं नाही. बर्फ साठला तर बटण बंद करून आपसूक सुटू द्यायचा, सुरी लावायची नाही. आणि दार उघडून कोणी विचार करत उभं राहिलं की इस्त्री बाजूला ठेवून ही ओरडायची, "नाटक बघायला आलात का? पाडा पडदा!" शेजारणी हसायच्या, पण घरी जाऊन आपापले फ्रिज पुढे ओढायच्या. खरं सांगायचं तर ह्यातलं काहीच चुकीचं नव्हतं.

नवरा घरांना रंग देणारा, मधुमेहाचा. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनचं इंजेक्शन लावून दिलं. "बाटली फ्रिजमध्ये ठेवा," एवढं बोलून औषधवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

फ्रिजमध्ये, पण कुठे? हे काय हवालदारणीला कोणी शिकवायचं? घरातली सगळ्यात मोलाची वस्तू, तिला जागाही तशीच हवी. दूध दारात, भाजी खालच्या खणात, आणि औषध पार मागे, बर्फाच्या कप्प्याला टेकवून, जिथे बोट लावलं तर झोंबतं. उन्हाळा लागला तसं तिने गारव्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. सकाळी बाटली काढली की कधी आत बर्फाची कणी दिसे, कधी सगळंच घट्ट. गार औषध नवऱ्याला झोंबेल म्हणून ती बाटली दोन्ही तळव्यांत धरून बसे, ते पाण्यासारखं मोकळं होईपर्यंत.

"घ्या, आता नाही दुखणार."

तो निमूट सदरा वर करी.

साखर मात्र उतरायचं नाव घेईना. "बाहेर काही गोड खाता का?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही हो," तो म्हणाला. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

"काय हो, कामावर किती चहा ढोसता?"

"बिनसाखरेचा गं. त्यापेक्षा ब्रश धुतलेलं पाणी बरं."

सुरुवातीला दोघंही हसले. पण रिपोर्ट वाईटच येत राहिला, तसं हसणं आटलं. धुवायच्या आधी ती त्याचे खिसे उलटे करून बघू लागली. एकदाही काही सापडलं नाही, तर तिला वाटलं, माणूस पक्का बनेल झालाय. नणंद आणि लेक भेटायला आल्या होत्या, त्यांच्यासमोरच ती म्हणाली, "विचारा तुमच्या लाडक्याला, कुठे चोरून खातो ते!"

"अरे, स्वतःच्या जिवाशी कसला खेळ?" नणंद म्हणाली.

लेकीने तर डोळ्यांत पाणी आणून हात जोडले. "बाबा, खोटं तरी बोलू नका."

त्यानंतर तो खुलासा करेनासा झाला. कोणी काही म्हटलं की भिंतीकडे बघे, जणू तिथे दुसरा हात मारायचा राहिलाय.

मग शिडीवरून उतरताना रंगाच्या डब्याची कड पायाला लागली. जखम एवढीशी, पण भरेना. पाय काळा पडत गेला आणि इस्पितळात गुडघ्याखाली कापावा लागला. तरी ताप हटेना.

तिथल्या नर्सने सहज विचारलं, "मावशी, इन्सुलिन ठेवत कुठे होतात?"

"पार मागे, बर्फाला टेकवून. माझा फ्रिज गल्लीत एक नंबर आहे," हवालदारीण म्हणाली.

नर्सचा हात थांबला. "गोठायचं का?"

"कधीमधी. मी हातात धरून मोकळं करायचे ना."

"अहो, एकदा गोठलं की ते फेकायचं. मोकळं झालं तरी त्याचा भरवसा नाही. दारात ठेवलं असतं तरी चाललं असतं."

दारात. दुधाशेजारी.

ती खाटेजवळ गेली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. त्याने उशीवरची मान तिच्याकडे वळवली.

"म्हणजे मी काही खाल्लं नव्हतं, हे पटलं तुला?"

"पटलं. शिव्या घाला मला."

"दम कुठे उरलाय?" त्याने डोळे मिटले. "ताईला सांग. पोरीला सांग."

नणंद गावाला गेलेली होती. लेक धावत आली, तोवर ताप डोक्यात चढला होता. तो तिला कुठल्याशा घराची मालकीण समजून, भिंती अजून ओल्या आहेत, हात लावू नका, असं सांगत होता. तिने बापाच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा पुन्हा माफी मागितली. त्याने ती ऐकली की नाही, कोणाला ठाऊक. तसाच गेला बिचारा.

घरी माणसं भेटायला येऊ लागली. नणंदही आली. पलीकडचा दुकानदार हळहळला, "तोंडावर ताबा नव्हता हो, दुसरं काय!"

कोपऱ्यात बसलेली हवालदारीण उठून उभी राहिली. "खोटं आहे ते. त्यांनी साखरेचा कणही खाल्ला नव्हता. औषध मी गोठवलं, आणि वर त्यांनाच चोर ठरवलं."

लेकीने तिचा पदर ओढला. "आई, पुरे. लोकांना कशाला सांगायचं?"

"मी त्यांना चोर म्हणाले, तेव्हा तू मला गप्प केलं होतंस का?"

नणंद पुढ्यातलं पाणीही न पिता उठली आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडली. तिला कोणी अडवलं नाही. दारात मागच्या गल्लीतल्या दोघी बायका घुटमळत उभ्या होत्या. हवालदारणीने त्यांना आत बोलावलं, बसायला जागा करून दिली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.