चौदा हजार वात

ही गोष्ट सांगायचं मी तीन वर्षं टाळलं, कारण तीत मी एकही पाऊल चाललेलो नाही.

गावात समज वेगळा आहे. आमच्या हरिहरेश्वरात कोणालाही विचारा, 'रोज चालणारे गुरुजी कुठे राहतात?' लोक माझ्याच घराकडे बोट दाखवतील. (मी गुरुजीही नव्हतो, शाळेत कारकून होतो. पण एका वेळी एकच खोटं निस्तरू.)

सुरुवात माझ्या मुलाने केली, हे आधी नोंदवून ठेवतो. महेश खारघरला राहतो आणि तिथून आमच्या तब्येती सांभाळतो. माझी साखर जरा वर सरकली, डॉक्टर म्हणाले 'थोडं चालत जा', तर यानं एक काळा पट्टा पाठवला. मनगटावर बांधायचा. तो पावलं मोजतो, नाडी मोजतो, झोपसुद्धा मोजतो आणि सगळं महेशच्या मोबाइलला जाऊन सांगतो! जन्मभर मी पोरांचे हजेरीपट सांभाळले आणि म्हातारपणी माझ्याच हाताला चुगलखोर बांधता?

पहिल्याच संध्याकाळी फोन.

"बाबा, तीनशे बारा पावलं? दिवसभरात?"

"तुझा पट्टा मंद आहे."

"दहा हजार पाहिजेत, बाबा!"

दहा हजार! एवढ्यात माणूस बागमांडल्याच्या फेरीबोटीपर्यंत पोचतो. मला फेरीबोटीत काय काम?

आमच्याकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. त्यांचा कारभार मी पाहतो, म्हणजे ओटीवर खुर्चीत बसून येणाऱ्याला 'या' म्हणतो. बाकीचं किरकोळ काम, म्हणजे झाडलोट, चादरी, चहा, पोहे, दोन वेळची जेवणं आणि उकडीचे मोदक, ते आमची सौ. सुनंदा करते. त्या दिवशी तासाभरात ती माझ्यासमोरून एकोणीस वेळा गेली. मी मोजलं. (बसल्या बसल्या दुसरं काय करणार?) आणि माझं डोकं चाललं. त्या दिवशी चाललेला माझा तेवढाच अवयव.

"अगं, तुझे हात दुखतात ना?"

"पंधरा वर्षं दुखतायत. आज कुठून आठवलं?"

"हा पट्टा घाल. वात ओढून घेतो."

"आणि हे आकडे कसले?"

"किती वात ओढला, त्याचे."

तिनं तो बांगड्यांच्या मागे बांधला. नाश्त्याची भांडी आवरेपर्यंत ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, चार हजार गेला!" आणि संध्याकाळी शेजारच्या पार्वतीवहिनींना कुंपणापाशी गाठून, "वहिनी, आज माझा चौदा हजार वात गेला!"

"व्हय? येवढा व्हता तुझ्यात?"

"मला तरी कुठं माहीत होतं! ह्यांनी आणला पट्टा. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, माझ्या दुखण्यासाठी ह्यांनी आणलेली ही पहिली वस्तू."

मी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

तिला खरंच बरं वाटायला लागलं, ही त्यातली कमाल! रात्रीही ती पट्टा काढेना. तिकडे महेशनं 'बाबा रॉक्स' म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर माझे आकडे टाकले. ते गावात पोचले. ज्येष्ठ नागरिक मंडळानं मला शाल आणि नारळ दिला आणि चालण्याच्या फायद्यांवर बोलायला लावलं. मी बसून बोललो. उभं राहिलं की माझे गुडघे दुखतात.

महिन्याभरानं महेशचा सूर बदलला.

"बाबा, तुम्ही चारच तास झोपता? पहाटे साडेचारला उठून काय करता? आणि नाडी ही एवढी? कसलं टेन्शन आहे तुम्हाला?"

"मला? अरे, मी दुपारीच तीन तास झोपतो!"

"पट्टा खोटं बोलत नाही, बाबा."

काय संताप आला म्हणून सांगू! सत्तरीतल्या बापापेक्षा मनगटावरच्या रबरावर विश्वास! (रबर खरं बोलत होतं, हा भाग वेगळा.) तो शनिवारी गाडी घेऊन हजर. खोल्यांत पाहुणे होते, म्हणून सुनंदा घरी राहिली. "धुवायचाय" असं सांगून मी तिच्या हातातून पट्टा सोडवला, स्वतःच्या हाताला बांधला आणि माणगावला डॉक्टरांपुढे बसलो.

डॉक्टरांनी छाती तपासली, ईसीजी काढला, नाडी धरली. मग महेशला बाहेर पाठवलं.

"काका, मनात काही सलतंय का?"

"काही नाही हो. मी अगदी ठणठणीत आहे."

"तेच म्हणतोय. तुमची नाडी बैलगाडीसारखी निवांत चाललीय. मोबाइलवरचं हे हृदय तुमचं नाही. कोणाचं आहे?"



"बायकोचं," मी म्हणालो.

"मग पेशंटला घरी का ठेवून आलात?"

डॉक्टरांची औषधं मला पचली, हा प्रश्न अजून पचलेला नाही.

महेशला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, बाबा ठणठणीत आहेत, आता आईला आणा. सोमवारी सुनंदाला घेऊन गेलो. रक्त कमी, बीपी भलतंच वाढलेलं. "आणखी सहा महिने असंच चाललं असतं तर..." म्हणून डॉक्टर थांबले, आणि ते वाक्य त्यांनी माझ्याकडे बघत अर्धंच ठेवलं. गोळ्या सुरू झाल्या, सात तास झोप सक्तीची. कामाला बाई ठेवली. सकाळचा चहा माझ्याकडे आला. पाहुणे तो पितात, पुन्हा मागत नाहीत.

इथवर ठीक होतं. पण पुढचा अन्याय पाहा! सुनंदा गावभर सांगत सुटली, "मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता हो! ह्यांनीच ओळखलं. म्हणाले, चल डॉक्टरकडे." पार्वतीवहिनींनी नवऱ्याला सुनावलं, "शिका जरा गुरुजींकडनं. तुमाला कंदी दिसलं न्हाय माझं दुखनं!" तो बिचारा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. खरं तर गावात माझ्याशी योग्य वागणारा तो एकटाच.

सुनंदाचं बीपी आता ताब्यात आहे. पट्टा अजून तिच्याच हातात आहे. रोज संध्याकाळी मी ठरवतो, आज सांगायचंच. पट्टा वाताचा नव्हता, माझ्या आळसाचा होता, माझं चुकलं. कालही जाऊन उभा राहिलो.

"अगं, त्या पट्ट्याबद्दल जरा..."

तिनं हात पुढे केला. "चार्जिंग ना? घ्या. एवढं मात्र तुम्ही कधी विसरत नाही हो."

मी पट्टा घेतला आणि प्लगपाशी गेलो. खुर्चीपासून प्लगपर्यंत अकरा पावलं, आणि परत येताना अकरा. तेवढी मात्र माझी स्वतःची!