नावं हरवलेल्या फायली

लग्नं जुळवायच्या हापिसात माणूस नुसता स्टुलावर बसला तरी किस्से साचतात. केर काढता येतो, किस्से नाही. डोंबिवलीत लीलाताईंच्या वधूवर केंद्रात मी शिपाई होतो, ना शिक्षण ना संसार, अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवला. तेव्हाचे हे.

*

वर्तकनगरचा कांबळे कॉम्प्युटर लावायला आलेला. म्हणाला, "ताई, लिनक्स टाकतो, कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. फुकट आहे."

ताई म्हणाल्या, "फुकटात मिळणाऱ्या स्थळात खोट असते!"

तरी टाकलं.

*

कांबळे शिकवायला लागला. "डिस्कचे गट पाडलेले असतात. कुठली जागा भरली, कुठली रिकामी, याची यादी ज्या त्या गटात. फोल्डर ज्या गटात, त्याच्या फायलीपण जमेल तोवर तिथंच."

मी म्हटलं, "म्हणजे माझी कपाटं. कल्याणच्या मुली एकात, ठाकुर्लीचे मुलगे दुसऱ्यात, दारावर यादी."

"बरोबर, काका!"

"मग तुला कशाला बोलावलं?"

*

कांबळेनं पुढं सांगितलं, अख्ख्या डिस्कचा मुख्य तक्ता पहिल्या गटात असतो, आणि त्याच्या नकला पुढच्या काही गटांत. पहिला बिघडला तर असाव्यात म्हणून.

ताई म्हणाल्या, "हे मुलाकडच्यांना शिकव. पत्रिकेची एकच प्रत आणतात, आणि तीपण परत मागतात!"

*

रविवारी मेळावा, आणि शुक्रवारी वीज गेली. आली तेव्हा डिस्क उघडेना. कांबळेनं नकलेवरून उघडली, पण फोल्डरांच्या याद्या उडालेल्या. सगळ्या फायली एका ढिगात, नावं गायब, नुसते डिस्कनं दिलेले नंबर. आमच्या माहितीपत्रावर नाव नसतं, नोंदणी क्रमांक हेच फायलीचं नाव. ताई म्हणाल्या, "रविवारी कुणाचा मुलगा कुणाचा म्हणून वाचू?"

*

कांबळे म्हणाला, "नंबरावरून गट कळतो, गटावरून फोल्डर." तो फोल्डर सांगून माहिती वाचायचा, मी त्यावरून जुन्या रजिस्टरात माणूस शोधायचो. संध्याकाळपर्यंत सगळे आपापल्या घरी. एक फाइल उरली.

कांबळेनं मोठ्यानं वाचली. "वय पन्नास. विधवा. अपेक्षा: शिक्षणाची अट नाही. फटकळ असला तरी चालेल."

मी म्हटलं, "रजिस्टरात अशी कोण नाही. गट कुठला?"

"ना कल्याणचा, ना ठाकुर्लीचा. ताईंच्या खाजगी पत्रांचा."

कांबळेला एकदम आठवलं, त्याची स्कूटर बाहेर उभी आहे. तो गेला.

मी म्हटलं, "फोटो नाही लावलेला."

ताई म्हणाल्या, "रोज समोर बघताय ना? मग!"