हरेश्वर थांबला नाही

आधीच सांगून टाकतो, हरेश्वरवर माझा राग आहे आणि तो बारा वर्षं जुना आहे. त्यातला निम्मा तरी माझा मलाच लागू होतो, पण स्वतःवर रागवायला माणूस कुठे तयार असतो! त्यामुळे सगळा त्याच्याच डोक्यावर टाकून मी इतकी वर्षं मोकळा राहिलो.

हरेश्वर मुरुडच्या पुढच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. त्याची आई केसरकाकी मासळी विकायची. बाराव्या वर्षापासून तिची पाटी कॅरियरला बांधून हा गावोगाव सायकल मारायचा. ऊन चढायच्या आत माल पोचला पाहिजे, हा त्याचा पहिला सराव. पुढे जिल्ह्याच्या शर्यतींत नाव झालं आणि पुण्याच्या एका कारखान्याच्या सायकल संघात तो पगारावर लागला. मी अलिबागचा, मास्तरांचा मुलगा. त्याच्यामागून त्याच संघात आलो आणि चार वर्षांत कॅप्टन होऊन बसलो. वयानं तो मोठा, पण तो मला ‘कॅप्टन’ म्हणायचा आणि मी त्याला ‘हरेश’.

टप्प्यांच्या शर्यतीत पाच-सात दिवस रोज एक टप्पा असतो. बघणाऱ्यांना वाटतं, जो तो आपल्यासाठी पळतोय. तसं काही नसतं. संघातल्या एकाला जिंकवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी मरायचं. हरेश्वर अठरा वर्षं त्या बाकीच्यांत होता. समोरून वारा आला की पुढे राहून मला आडोसा द्यायचा. संघाच्या मागून येणाऱ्या गाडीपर्यंत जाऊन सहा-सहा बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या. माझं चाक पंक्चर झालं, तर स्वतःचं काढून मला द्यायचं आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. नाशिककडच्या एका घाटात त्याचं खांद्याचं हाड मोडलं, तरी उरलेले चाळीस किलोमीटर त्यानं एका हातानं काढले. अठरा वर्षांत एक टप्पा त्याच्या नावावर नव्हता. पेपरात नाव आलं ते एकदाच, तेही पडल्याबद्दल.

त्याची शेवटची शर्यत आपल्याच किनाऱ्यावर आली. पहिला टप्पा किहीम ते आगरदांडा, म्हणजे अलिबाग, रेवदंडा, मुरुड करत थेट त्याच्या कोळीवाड्यातून जाणारा. सायकलवाल्यांत एक रीत आहे. ती कुठल्या नियमावलीत नाही, पण सगळे पाळतात. ज्याचं गाव वाटेत येतं त्यानं आधी विचारायचं. मग घोळका त्याला थोडा पुढे सोडतो. त्यानं गावात थांबायचं, घरच्यांना भेटायचं आणि मागून घोळका आला की त्यात मिसळायचं. तेवढ्या वेळात कुणी कुणावर डाव टाकत नाही, घोळकाही नाही आणि पुढे गेलेलाही नाही.

हरेश्वरसाठी मी विचारलं. मुरुडच्या अलीकडे सायकल सदाच्या शेजारी घेतली. सदा सांगलीच्या संघाचा कॅप्टन होता आणि घोळक्यात त्याचा शब्द चालायचा. मी म्हणालो, “आई औक्षण करणार आहे. दोन मिनिटं सोड त्याला. शब्द माझा.”

“म्हाताऱ्या गड्याला कोण अडवतंय? जाऊ दे की,” सदा हसून म्हणाला. सगळ्यांनी पाय ढिले सोडले. कुणी पाणी प्यायला लागलं, कुणी केळं सोलायला लागलं. हरेश्वर एकटा पुढे गेला.

आम्ही कोळीवाड्यात पोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, ढोल होता, केसरकाकी ताट घेऊन उभ्या होत्या. हरेश्वर नव्हता. तो थांबलाच नव्हता. पुढच्या वळणावर त्याची पाठसुद्धा दिसेना. सदानं माझ्याकडे बघितलं, शिवी दिली आणि सगळे पेडलवर उभे राहून सायकली पळवायला लागले. पण आगरदांड्याची जेट्टी सातच किलोमीटर राहिली होती. हरेश्वर एकोणीस सेकंदांनी जिंकला.

जेट्टीवर सदा माझ्या अंगावर आला. “तुझा शब्द होता ना?”

आणि मी खोटं बोललो. घाईत, पण अगदी बेतून. म्हणालो, “अरे, वाऱ्यानं दिवा विझला होता. काडी पेटवायला त्याच्या आईनं पाठ फिरवली नेमकी तेव्हाच. ती दिसलीच नाही त्याला. गाव मागे पडलं, मग जाऊन थांबणार कुठे?”

दिवा विझला आणि काकींनी पाठ फिरवली, एवढं मला जेट्टीवर आलेल्या कोळीवाड्यातल्या कुणाकडून तरी कळलं होतं. ती त्याला दिसलीच नाही, हे मी जोडलं. खरं काय ते हरेश्वरनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. “कॅप्टन, मला दिसली ती. लाल लुगडं नेसली व्हती. पाठमोरी व्हती, म्हणून तर पाय थांबला न्हाय. म्हटलं, तिनं बघितलंच न्हाय तर कुनाला काय कळतंय?” एवढं बोलून तो रडला. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. टप्पा आमच्या संघाला मिळाला होता आणि संघाचा कॅप्टन मी होतो.

दुसऱ्या दिवशी दिघी ते महाड टप्पा. आमच्याच संघातल्या तुकारामचं गाव वाटेत, गोरेगावजवळ. त्याची बायको दोन महिन्यांची मुलगी घेऊन फाट्यावर येणार होती. तुकाराम विचारायला गेला, तर सदा म्हणाला, “तुमच्यातल्या कुणालाच सोडत नाही आता.” फाटा आम्ही जीव खाऊन पळतच ओलांडला. तिनं मुलीला वर उचलून धरलं होतं. तुकारामनं हात केला, पण एवढ्या गर्दीत तो तिला दिसला असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर तुकाराम आम्हा दोघांशी कामापुरतं बोलायचा. मान वर करून त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

माझं खोटं मात्र आमच्या आधी कोळीवाड्यात पोचलं. केसरकाकींनी ते उचललं आणि खरं मानलं. त्यांना खरंच आठवत होतं की त्या काडीपेटीशी झटापट करत होत्या. मग येईल त्याला सांगायच्या, “पोराचा काय दोष? मीच करंटी. लेक येतंय आन् मी पाठ फिरवून उभी!” दर सणाला, दर लग्नात हेच. हरेश्वर ऐकायचा आणि तिथून उठून जायचा. मुरुडच्या बाजारात त्यानं सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. मी न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रकांचं काम बघायला लागलो. आम्ही क्वचित भेटायचो आणि भेटलो तरी हा विषय टाळायचो.

गेल्या माघात कोळीवाड्यानं हरेश्वरचा सत्कार ठरवला. त्याला पन्नास पुरी झाली होती. मुख्य पाहुणा म्हणून मला बोलावलं. मंडपात हजारभर माणूस. स्टेजवर मधोमध केसरकाकी, एका बाजूला हरेश्वर, दुसऱ्या बाजूला हार घालून मी. हरेश्वरला बोलायला उभं केलं आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. रीत काय होती, लोकांनी त्याला का सोडलं होतं, आई दिसत असताना तो कसा निघून गेला. शेवटी म्हणाला, “ह्यो सत्कार माझा न्हाय करायचा. मी चोरी केलीय.”

मग मागून कुणी तरी ओरडलं, “लय भारी, हरेशभाऊ! बरी टोपी घातलीस सांगलीवाल्यांना!” आणि मंडप हसला, टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. कसली चोरी आणि कसलं काय! आपला गडी हुशार निघाला, एवढंच लोकांना कळलं. हरेश्वर माईक धरून तसाच उभा. त्याचा चेहरा मला बघवेना.

हसल्या नाहीत त्या फक्त केसरकाकी. टाळ्या थांबेपर्यंत त्या वाट बघत राहिल्या. मग खुर्चीतून उठल्या.

“तुला मी दिसली व्हती?”

“व्हय, आये.”

“मग मी पाठ केली म्हणून तुला दिसली न्हाय, ह्ये आधी बोललं कोन? मी बारा वर्सं त्येच सांगत फिरते. कुनी घातलं ह्ये माझ्या डोस्क्यात?”

हरेश्वरनं माझ्याकडे बघितलं नाही. मी बोलेन म्हणून तो थोडा थांबला असावा. निदान मला तसं वाटलं, कारण मी तोंड उघडलं होतं. पण समोर हजार माणसं होती आणि मी मुख्य पाहुणा होतो.

“मीच, आये,” हरेश्वर म्हणाला.

केसरकाकींनी सगळ्यांदेखत पन्नास वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत मारली. ती थप्पड माझी होती. मी गळ्यातला हार सारखा केला आणि शेजारच्या खुर्चीत बसून राहिलो.