चुलीवरचा सरस

वडील गेले आणि घरातल्या चीजवस्तूंच्या वाटण्या झाल्या, तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. लेकीला काय विचारायचं? वडिलांची आरामखुर्ची मात्र कुणालाच नको होती. तिचा एक हात निखळला होता, वेत फाटून लोंबत होता. दादा म्हणाला, फोडून बंबात घालू.

"मग आधी मला घाल," मी म्हणाले.

अशी वाक्यं मी त्या वयात फार म्हणायचे. पोरीला वाटायचं, आपण बोललो की आता पडदाच पडणार.

वडील इंग्रजी शाळेत मास्तर. सिक्रौलकडच्या गोऱ्यांच्या वस्तीतला कुणी साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानातून त्यांनी ही खुर्ची घेतली होती. संध्याकाळी ते तिच्यात बसत आणि तिच्या रुंद हातावर मला बसवून वाचायला शिकवत. मुलीला कशाला शिकवता, असं विचारणारे समोर सतरंजीवर बसलेले असत आणि मी त्यांच्या डोक्यांच्या वर. ती उंची माझ्या डोक्यात गेली असणार.

तर गंगेवरच्या बालाजी घाटावरच्या माहेराहून मंगला गौरीजवळच्या सासरी ती खुर्ची हमालाच्या डोक्यावरून आली. गलीत एक सांड आडवा बसला होता. त्याच्याशीही भांडायची माझी तयारी होती.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, वेदमूर्ती. दारातच म्हणाले, साहेबाने बूड टेकलेली वस्तू माझ्या घरात नको. सासूबाईंनी कशीबशी छतावरच्या कोठरीपुरती परवानगी मिळवली. वर सुतार येता कामा नये, हेही ठरलं. सुनेने परक्या पुरुषासमोर बसून खुर्ची ठोकून घ्यायची म्हणजे काय?

मग मीच दुरुस्त करायला घेतली. गलीतला बढई, म्हणजे सुतार, दाराबाहेरून सांगायचा, मी आतून ऐकायची. काचकागदाने घासायचं, जुना चिकटा खरवडायचा, सांध्यांत सरस भरायचा आणि वाळेपर्यंत दोरीने करकचून आवळून ठेवायचं. सरसाचे तपकिरी खडे त्याने पुडीत बांधून दिले. "बहूजी, चौके में मत चढ़ाइएगा," एवढंच म्हणाला. मला वाटलं, स्वयंपाकघरात नको ते वासामुळे म्हणत असेल.

माघाची थंडी, छतावर वारा, शेगडी काही पेटेना. सासूबाई देवळात गेलेल्या. मी सरळ स्वयंपाकघरातल्या चुलीवर पाणी चढवलं, त्यात वाटी ठेवली आणि वाटीत सरस. काय तो वास! नाकाला पदर लावून ढवळत होते आणि वडिलांच्या आठवणीने रडतही होते. निदान तेव्हा तरी मी तसंच समजत होते. मग त्याच चुलीवर रात्रीची खिचडी झाली.

दोरी परत न्यायला बढई आला तेव्हा त्याने सहज विचारलं, कुठे शिजवलात? मी सांगितलं. त्याने कानांना हात लावले. तेव्हा कळलं, सरस जनावरांच्या कातड्याहाडांचा करतात. वेदमूर्तींच्या चुलीवर कातडं शिजवणारी त्या घराण्यातली पहिलीच सून मी असेन. तोंडाला कुलूप घातलं.

वेताच्या जागी नवारीची पट्टी विणली. तेल चोळलं. शिसवी लाकूड असं उजळलं की मामंजी छतावर ऊन खायला आले ते थेट तिच्यात बसले. तिच्या हातांवरून हात फिरवला. खाली जाताना म्हणाले, बैठकीत न्या, गंगाजल शिंपडलं म्हणजे झालं.

साहेबाचं बूड चार थेंबांत धुऊन निघालं. सुनेला मात्र बैठकीत पाऊल टाकायला बंदीच होती. रोज पूजा आटोपून मामंजी सोवळ्यातच त्या खुर्चीवर बसायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, आमच्या व्याह्यांची, पार मोडली होती, मी नीट करून घेतली. मी दाराच्या फटीतून ऐकायची. बोटांची सालं अजून निघत होती माझ्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला खुर्चीवर बसून करायचंय काय?"

तो प्रश्न मी आजतागायत पोळ्यांबरोबर लाटते आहे.

मग मी भाषण तयार केलं. भांडी आपटत पाठ केलं. वडील, न्याय, स्त्रीजात, सगळं होतं त्यात. एका सकाळी बैठकीत चार शास्त्री बसलेले असताना उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि सुरुवात केली.

"मामंजी, त्या खुर्चीचे सांधे सरसाने जोडलेत."

पुढचं भाषण कुणी ऐकलंच नाही. शास्त्र्यांना सरस म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. मामंजी ताडकन उठले. मी मनात दिवाळी केली. ते दाराकडे निघाले, थांबले आणि विचारलं,

"वितळवला कुठे?"

माझी मान आपसूक स्वयंपाकघराकडे वळली.

चूल फोडली. मडकी गलीत गेली. घर शेणाने सारवलं, सगळ्यांना उपास घडला, मामंजींनी त्या थंडीत गंगेत बुडी मारली. खुर्ची कोठरीत परत गेली, तिला घरातल्या कुणी शिवायचं नाही, असा हुकूम निघाला. शुद्धी होईपर्यंत मलाही कुणी शिवायचं नव्हतं. मी वर गेले आणि खुर्चीत बसले.

पुढे मी महिन्याची बाजूला बसले तेव्हा सासूबाईंनी माझं बसायचं गोणपाट काढून घेतलं. "विटाळाला विटाळ कसला? वर जा, तुझी खुर्ची आहे," म्हणाल्या. तेव्हापासून दर महिन्याला ते दिवस मी वर वाचत बसायची. एखादा दिवस जास्तच बसायची. सासूबाई मोजत नसत.

नाती हसतात, म्हणतात जिंकलीस की आजी. कसलं डोंबल जिंकले? माझ्या बापाची खुर्ची मला मिळाली ती फक्त मी विटाळशी असताना. बाकीचा महिना ती वर रिकामी आणि मी खाली चुलीपाशी.

एकदा सासूबाई वाळवणाला वर आल्या. मी उठून म्हटलं, जरा बसा ना. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"मला आता या वयात कोण बाजूला बसवणार?" म्हणाल्या, आणि पापड उलटवायला लागल्या.